'हॅम्लेट'मधील अपुरा शोक

शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' १६०० च्या सुमारास लिहिले गेले. गोपाळ गणेश आगरकर यांनी त्याचे मराठी रूपांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याला 'विकारविलसित' असे नाव दिले. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी त्यातील नायकाची भूमिका गाजवली. हे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. प्रेम, क्रोध, शोक यांना आपण विकार म्हणतो आणि आजारालाही विकारच म्हणतो. मग मनाचा विकार आजार केव्हा बनतो? शोकाला वाट मिळाली नाही म्हणजे, असे उत्तर हे नाटक देते, असे मला वाटते.

या नाटकात एकाही मृताचा शोक पुरा होत नाही. राजाच्या मृत्यूला महिना उलटतो न उलटतो तोच राणी गर्ट्रूड दिराशी विवाह करते आणि नवा राजा हॅम्लेटला 'फार शोक करणे पुरुषाला शोभत नाही' असा उपदेश करतो. पोलोनियसला घाईने, गुपचूप पुरले जाते. ओफेलियाच्या दफनाच्या वेळी तर धर्मगुरू विधीच आखडता घेतो आणि तिचा भाऊ लेअर्टिस 'आणखी काही विधी नाही का?' असे पुनःपुन्हा विचारतो.

मालवण किनाऱ्यावरच्या वाचकाला हे विशेष जाणवावे. आपल्याकडे मरण झालेल्या घरी शेजारी अन्न आणून देतात, बायका मोकळेपणी रडतात, तेराव्यापर्यंत माणसांची ये-जा असते. समुद्रात गेलेल्याचे शव हाती लागले नाही, तर दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याची रूढी आहे. आगरकरांसारख्या सुधारकाला यातील कर्मकांड पटले नसते. परंतु त्यामागची मनाची गरज खरी आहे.

ओफेलियाला पुष्कळदा नुसती 'प्रेमवेडी' म्हटले जाते. ते अपुरे आहे. तिच्या बापाला तिच्या प्रियकरानेच मारले आहे. बापासाठी रडावे तर प्रियकराला शाप द्यावा लागतो. प्रियकरासाठी झुरावे तर बापाशी द्रोह होतो. भाऊ दूर फ्रान्समध्ये आहे. तिच्या वेडातील गाण्यांत म्हणूनच थडग्यातला मृत आणि फसवली गेलेली मुलगी एकत्र येतात. ती दरबारात फुले वाटते, पण व्हायोलेटची फुले देऊ शकत नाही. बाप गेला तेव्हाच ती सारी कोमेजली, असे ती सांगते. वेडात तिने उच्चारलेले हे सर्वांत शहाणे वाक्य आहे.

हॅम्लेटचे वेड बव्हंशी सोंग आहे. दशावतारातले सोंग पहाटे उतरवता येते, तसे त्याला ते उतरवता येते. कारण ऐकून घ्यायला होरेशिओसारखा मित्र आहे आणि मन मोकळे करायला दीर्घ स्वगते आहेत. ओफेलियाला मित्र नाही आणि वेड लागल्यावर एकही स्वगत नाही. चाळीस हजार भावांहूनही माझे प्रेम मोठे होते, असे हॅम्लेट म्हणतो खरा, पण ते तिच्या थडग्यापाशी.

'हॅम्लेट खरोखर वेडा होता काय?' हा परीक्षेतील नेहमीचा प्रश्न. त्याच्याबरोबर दुसराही प्रश्न विचारला जावा : ओफेलियाला रडायला त्या राजवाड्यात कोणी जागा दिली असती, तर ती वेडी झाली असती काय?