पैसे पत्र्याला आणि कागदाला

अरे, मोबाईलवरच्या जाहिरातींत जुनी कॉन्टेसा, अ‍ॅम्बेसेडर, जिप्सी शोधतोयस आणि आत दुसरं इंजिन बसवायचं म्हणतोयस, तर मामाचं एक डोक्यात पक्कं ठेव. जे इंजिन काढायचंच आहे, त्याचे पैसे द्यायचे नाहीत. पैसे द्यायचे पत्र्याला आणि कागदाला. ‘इंजिनचं काम नुकतंच केलंय’ म्हणत भाव चढवलेला असतो. तू बंद पडलेली गाडी शोध. तिला गिऱ्हाईक कमी आणि मालकाला जागा मोकळी करायची असते.

शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबू नको. कॉन्टेसा हे नाव लोक इंग्रजीत वाटेल तसं लिहितात. चुकीच्या स्पेलिंगची जाहिरात बाकीच्यांना दिसत नाही, पडून राहते.

फोटो ओल्या गाडीचा असेल तर कोरडा मागव, उन्हातला. ओल्या पत्र्यावर रंगातला फरक कळत नाही. दरवाजा उघडून खालच्या चौकटीचा, मॅटिंग उचलून फ्लोअरचा, डिकीत स्टेपनीखालच्या जागेचा फोटो माग. मॅटिंग उचलायलाच जो तयार नाही, त्याच्याकडे जायचं पेट्रोल वाचव. मुंबई, अलिबाग, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत पत्रा खालून गंजतो. तेच मॉडेल सोलापूर-लातूरकडे मिळत असेल तर लांब पडलं तरी ते आधी बघ.

जाताना खिशात लोहचुंबक ठेव, रुमालात गुंडाळून. चाकाच्या कमानीवर, दरवाज्याच्या खालच्या कडेवर हळूहळू फिरव. चुंबक नुसतं घसरलं की आत लांबी भरलीय समज. मग चेसिस नंबर. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घास, छाप उठेल. आकडे एका ओळीत, एका खोलीचे हवेत. आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या रेघा दिसल्या तर तिथूनच मागे फीर.

कागदात आधी पासिंग बघ. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे तपासणी होऊन 5-5 वर्षांनी वाढते. बंद गाडीची ती बहुधा संपलेली असते, ते पैसे भावातून कापून घे. बँकेचा बोजा उतरलाय का, थकलेली चलनं आहेत का, हे नंबर टाकून घरबसल्या कळतं. दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. तिथल्या आरटीओची एनओसी हातात नसेल तर त्यांचा मोह नको.

आता इंजिन. कंपनीनेच ज्या गाडीत जे दिलं होतं, त्या वाटेने जा. अ‍ॅम्बेसेडरमध्ये जुनं 1489 सीसीचं इंजिन आहे ना? त्याच कंपनीने पुढे 1817 सीसीचं इसुझूचं पेट्रोल इंजिन कॉन्टेसातही दिलं आणि अ‍ॅम्बेसेडरमध्येही. ते पाच गिअरच्या बॉक्ससकट घे. नुसतं इंजिन आणलंस तर बॉक्स जुळवण्यातच जीव जाईल. जिप्सीत लोक जुन्या बलेनोचं 1600 सीसीचं इंजिन घालतात. दोन्ही सुझुकीच्या एकाच ‘जी’ घराण्यातली, म्हणून काम होतं. पण बलेनोत इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं. माउंटिंग, एअर इनटेक, कूलंटचे पाइप सगळं नव्याने बेतावं लागतं. वायरिंग अख्खं, ईसीएम आणि सेन्सरसकट उतरव. कापलेलं वायरिंग कधीच घेऊ नको. आणि ताकद वाढवतोयस तर ब्रेकचा खर्च आधी बाजूला काढ, म्युझिक सिस्टिमचा नंतर.

इंजिन कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून घेतलंस तरी चालेल, पण पक्कं बिल हवं, त्यावर इंजिन नंबर हवा. बिल नाही म्हणजे माल कुठून आला हे तुला सांगता येणार नाही. आणि स्पॅनर हातात घेण्याआधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे परवानगी लागते, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलात मनमानी फेरफार चालणार नाहीत. आरसीवर एक नंबर आणि बॉनेटखाली दुसरा असेल तर अपघातात विम्यावाले हात वर करतील. माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो तो.

बदली झालेल्या फौजीची गाडी, निम्मा भाव, आधी पैसे पाठवा, असा मेसेज आला की उत्तरच देऊ नको.

गाडी पसंत पडली तर टोकन दे, पण थोडंच. पावतीवर चेसिस नंबर, ठरलेली रक्कम आणि ‘टीटीओची, म्हणजे मालकी बदलाची, सही बाकी’ एवढं मालकाच्या हाताने लिहून घे.