आधी विहीर, मग मशीन

बाय, घरी एस्प्रेसोचं मशीन घ्यायचं ठरवलंस ते चांगलं केलंस. पण ऑर्डर देण्याआधी माझ्या चार गोष्टी ऐक. मुंबईत हॉटेलांच्या देखभाल खात्यात जन्म काढला, आता मालवणात बसून लोकांची बिघडलेली यंत्रं उघडतो. दुकानात सगळे मशीनच बघतात. आपल्या किनाऱ्यावर ते किती वर्षं टिकणार हे मात्र पाणी, वीज आणि हवा ठरवतात. म्हणून पहिली नजर पाण्यावर टाक, दुसरी विजेच्या बोर्डावर, मग ग्राइंडर घे, आणि हातात उरेल त्यात मशीन.

एस्प्रेसो कितीही दाट दिसली तरी कपात नव्वद टक्के पाणीच असतं. तुझं घर देवबागात, म्हणजे एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये वाळूची पट्टी. श्रावणात तुझ्या विहिरीचं पाणी गोड लागतं, वैशाखात तेच मचूळ होतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा पेनासारखा मीटर मिळतो, तो घे. आकडा 75 ते 150 च्या दरम्यान असला तर बरं. पण त्या आकड्यावरच विसंबू नकोस. पाण्यात चुना आहे की मीठ, हे मीटर सांगत नाही. चुन्याचा थर धरला तर सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने तो निघतो. मिठाचं तसं नाही. गरम बॉयलरमध्ये खारं पाणी स्टीलला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतं, आणि एकदा पडलेलं भोक कुठल्याही पावडरीने बुजत नाही. तेव्हा मीटर बघ, पण पाणी जिभेवरही घे. जिभेला किंचितही खारट लागलं तर ते मशीनमध्ये जाता कामा नये.

यावर लोक आरओचं पाणी सुचवतात. नुसतं आरओचं पाणीही नको. अगदी निर्क्षार पाण्याला कॉफीतून चव नीट काढता येत नाही, कप बोथट लागतो. शिवाय काही मशीन पाण्यातून जाणाऱ्या बारीकशा विजेवरून बॉयलर भरलाय की नाही ते ओळखतात. क्षारच नसले की भरलेला बॉयलर त्यांना रिकामा वाटतो. तुझ्या आजोळी जांभ्याच्या कातळात खणलेली विहीर आहे. तिचं पाणी हलकं, भांड्याला पांढरं धरत नाही. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत तिथून कॅन भरून आण. चार कप कॉफी आणि धुणं-पुसणं मिळून दिवसाला दीड लिटरवर पाणी लागत नाही, म्हणजे एक कॅन आरामात दोन आठवडे जाईल.

आता वीज. घरगुती मशीन साधारण 1300 ते 1500 वॅटचं असतं, म्हणजे सहा ॲम्पिअरच्या आसपास ओढतं. मिक्सरच्या छोट्या पॉइंटवर ते लावायचं नाही, एक्स्टेंशन बोर्डवर तर मुळीच नाही. सोळा ॲम्पिअरचा स्वतंत्र पॉइंट काढून घे आणि अर्थिंग तपासून घे. उन्हाळ्यात वाळू आणि जांभा दोन्ही कोरडे पडतात, अर्थिंगचा खड्डाही सुकतो. त्यात अधूनमधून पाणी ओतायचं असतं, हे आमचे जुने वायरमन न चुकता सांगायचे. पाणी आणि वीज एकाच डब्यात कोंडलेलं हे यंत्र आहे, तेव्हा मीटरजवळ 30 मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

व्होल्टेजचं गणितही समजून घे. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडते. 230 व्होल्टला 1400 वॅट देणारा हीटर 180 व्होल्टला जेमतेम 860 वॅट देतो. संध्याकाळी गावभर पंप आणि पंखे सुरू असताना कॉफी आंबट आणि पातळ उतरते ती त्यामुळे, आणि दोष बिचाऱ्या बियांना मिळतो. त्या वेळी मशीन जास्त वेळ तापू दे, किंवा मशीनला झेपेल असा स्टॅबिलायझर लाव. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर ते चालवायला जाऊ नकोस. परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेव, नुसतं बटण बंद करून भागत नाही. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने खांब आडवे केले आणि आपल्या जिल्ह्यातली किती गावं दिवसचे दिवस अंधारात राहिली, हे तू बघितलं आहेस. म्हणून माझा खरा कल हाताने दाबायच्या लिव्हर मशीनकडे आहे. चुलीवर पाणी उकळलं तरी त्यावर कॉफी होते, आत हीटर नाही, पंप नाही, गंजायला फारसं काही नाही. एकट्या-दुकट्यासाठी तेच घे. एस्प्रेसोवरचा तो सायीसारखा सोनेरी फेस जगाने पाहिला तोही लिव्हरच्याच मशीनमधून, मिलानच्या आकिले गाजियाने 1948 मध्ये आणलेल्या.

दुबईहून मामा मशीन आणतो म्हणाला तर हो म्हण. तिथली वीज आपल्यासारखीच 50 हर्ट्झची आणि व्होल्टेजही जवळपास तेवढंच, नुसता प्लग बदलावा लागेल. वॉरंटीचं तेवढं आधी विचारून घ्यायला सांग. अमेरिकेहून येणाऱ्या 120 व्होल्टच्या मशीनला मात्र हात जोड.

खोक्यावर 15 बार, 20 बार छापलेलं असतं. त्याला भुलू नकोस. एस्प्रेसोला लागतो 9 बारचा दाब. खोक्यावरचा आकडा पंप जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो तेवढंच सांगतो. त्यापेक्षा पूड भरायची जाळी बघ. स्वस्त मशीनबरोबर दुहेरी तळाची जाळी येते, तिच्या तळाला एकच बारीक भोक असतं आणि शिळ्या पुडीवरही फेस येतो. साधी, एकेरी तळाची जाळी बसते का, सुटी मिळते का, हे आधी विचार. ही जाळी ज्यात बसते तो दांडा (पोर्टाफिल्टर) 58 मिलिमीटरचा असला तर जाळ्या, पूड दाबायचा टॅम्पर, रबरी रिंग सगळं सहज मिळतं. गाजिया क्लासिकला त्या मापाचा येतो, डेलाँगीच्या डेडिकाला 51 चा. रबरी रिंगा दोन जास्तीच्या मशीनबरोबरच मागव. त्या झिजतात, कडक होतात, आणि ऐन चतुर्थीत पाहुणे घरात असताना मालवणच्या बाजारात मिळत नाहीत.

ग्राइंडरवर कंजुषी करू नकोस. मिक्सरमध्ये कॉफी दळायची नाही. त्यात अर्धं पीठ होतं, अर्धा रवा, पाणी रव्यातून पळून जातं आणि पीठ कडू होतं. चांगला हाताचा ग्राइंडर दोन माणसांच्या घराला पुरतो. आणि 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घे. 18 ग्रॅम पूड घाल, 36 ग्रॅम कॉफी कपात उतरू दे, वेळ 25 ते 30 सेकंद. पंधरा सेकंदांत उतरली तर बारीक दळ, चाळीस लागले तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदल. आषाढातली दमट हवा आली की उन्हाळ्यातला आकडा चालत नाही, पूड गुठळ्या धरते. अशा वेळी ग्राइंडरवरचा आकडा विसर आणि सेकंदांकडे बघ.

बिया चिकमगळूर-कोडगूच्या घे, पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तेच घे, आणि एका वेळी पाव किलोवर नको. भाजल्यापासून आठवडाभर थांब, मग महिन्याभरात संपव. चिकोरी घातलेली फिल्टर कॉफीची पूड मशीनमध्ये चालत नाही, जाळी तुंबते. पाकीट मसाल्याच्या बरण्यांपासून आणि सुक्या मासळीच्या डब्यापासून दूर ठेव. कॉफी वास पटकन ओढून घेते, आणि बांगड्याचा वास कपात आला की तो जात नाही.

तुला आवडेल असा एक प्रकार सांगतो, मॉन्सून्ड मलबार. शिडाच्या जहाजांच्या काळात मंगळूरकडच्या किनाऱ्यावरून निघालेली कच्ची कॉफी महिनोन्‌महिने समुद्राची ओल खात युरोपात पोचायची, फुगायची, फिकट व्हायची, तिचा आंबटपणा जायचा. वाफेची जहाजं आणि सुएझ आल्यावर प्रवास झटपट झाला आणि ती चव गेली. म्हणून आता जून ते सप्टेंबर ती कॉफी मुद्दाम मोकळ्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर पसरतात. दुधात फार छान लागते. पण ध्यानात ठेव, ही ओल कच्च्या बियांना मानवते. भाजलेल्या बियांना तोच वारा दोन दिवसांत मारतो. तेव्हा हवाबंद डबा, तोही लहान.

दुधाबद्दल एवढंच, की पिशवीचं पाश्चराइज्ड दूध न उकळता, फ्रिजमधून काढल्या काढल्या वापर. रतिबाचं असेल तर ते उकळायलाच हवं. मग गार करून साय पूर्ण काढून घे. भांडं हाताला धरवेनासं झालं की वाफ बंद कर. आणि वाफेची नळी त्याच क्षणी ओल्या फडक्याने पूस, एकदा वाफ सोडून आतलं दूधही बाहेर काढ.

मशीन पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नकोस, खारं वारं तिथूनच येतं. रोज रात्री खालचा ट्रे रिकामा करून कोरडा कर, नाहीतर गरम मशीनच्या पोटात झुरळं घर करतात. आणि मृगाला घराला कुलूप लावून तुम्ही चतुर्थीपर्यंत मुंबईला जाणार असाल, तर टाकी उपडी कर, वाफ सोडून बॉयलर जमेल तेवढा रिकामा कर, ग्राइंडरची पाती ब्रशने झाडून, कोरडी करून सुक्या डब्यात बंद कर. परत आल्यावर पहिल्या दोन टाक्या नुसत्या पाण्याच्या जाऊ देत, मग कॉफी घाल.