विघटन : शब्द एक, अर्थ तीन

‘विघटन’ हा शब्द कानी पडला की मनात प्रथम मोडतोडीचाच विचार येतो. घराचे विघटन झाले म्हणजे चुली वेगळ्या झाल्या, असे आपण समजतो. परंतु आपली शिकणारी मुले हाच शब्द गणितात, संगणकशास्त्रात आणि रसायनशास्त्रात निराळ्या अर्थाने वापरतात. तो अर्थ घरातील वडीलधाऱ्यांसही कळावा, म्हणून या स्मरणिकेत हा लहानसा पाठ देत आहोत.

प्रथम गणित घेऊ. ८४ संत्र्यांचे सारखे ढीग करावयाचे झाल्यास ते अनेक रीतींनी होतात. कारण ८४ म्हणजे २ × २ × ३ × ७. यालाच आपण अवयव पाडणे म्हणतो. ८३ संत्री असली तर मात्र एकच ढीग करावा, नाहीतर एकेक फळ सुटे ठेवावे. कारण ८३ ही मूळ संख्या आहे. अवयवांचा गुणाकार केला की मूळची ८४ जशीच्या तशी परत मिळते. गणितातील विघटनात काही हरवत नाही.

परंतु गुणाकार सोपा आणि फोड अवघड, असेही घडते. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या संशोधकांची एक १२९ अंकी संख्या आव्हान म्हणून प्रसिद्ध झाली. तिचे अवयव १९९४ साली सापडले. त्यासाठी सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकांवर काम वाटून घेतले होते.

हे कामाचे वाटप म्हणजेच संगणकशास्त्रातील विघटन. समजा, सभासदांच्या १००० चिठ्ठ्या नावांप्रमाणे लावावयाच्या आहेत. दोघांनी ५००-५०० चिठ्ठ्या घ्याव्या, त्या लावाव्या आणि मग दोन्ही गठ्ठ्यांतील वरच्या चिठ्ठ्या ताडून एकच गठ्ठा करावा. १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी संगणकासाठी हीच रीत मांडली. मात्र एकाने आडनावाप्रमाणे व दुसऱ्याने नावाप्रमाणे चिठ्ठ्या लावल्या, तर दोघांचे श्रम फुकट जातात. जोडण्याचा नियम वाटणीपूर्वी ठरवावा लागतो.

आता रसायनशास्त्र. आपल्या सौंसर भागास मँगनीज परके नाही. भूगर्भशास्त्रात मँगनीजयुक्त खडकांच्या एका मोठ्या समूहास ‘सौंसर समूह’ हेच नाव आहे. प्रयोगशाळेत हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकले की बुडबुडे उठतात. ६८ ग्रॅम पेरॉक्साइडपासून ३६ ग्रॅम पाणी व ३२ ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. वजनाचा हिशेब चोख लागतो आणि मँगनीज डायऑक्साइड होते तेवढेच उरते. पण ते पाणी व तो वायू एकत्र ठेविले म्हणून पुन्हा पेरॉक्साइड होत नाही. येथे वस्तू शिल्लक राहते, बंध मात्र तुटतो.

तीन शास्त्रांतील हा भेद आपल्या व्यवहारातही उपयोगी पडतो. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर हे तालुके वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. कारभाराची वाटणी झाली, सोयरीक तुटली नाही. भावाभावांत शेताची वाटणी होते, तेव्हाही हेच पाहावे. जमिनीचे हिस्से पडतात. विहीर मात्र ८३ या संख्येसारखी असते. तिच्या पाण्याच्या पाळ्या आधीच ठरविल्या, तर वेगळे झालेले भाऊ संत्र्याच्या बागा सुखाने जगवितात. त्या न ठरविल्या, तर एकरांचा हिशेब बरोबर लागूनही भाऊबंध तुटतो आणि तो मागाहून जोडणे कठीण जाते.

म्हणून मुलांनी अवयव पाडताना आणि वडिलांनी वाटण्या करताना एकच प्रश्न विचारावा : वेगळे केलेले पुन्हा जुळेल ना?