घटक ४ : वकिलीकडून वृत्तपत्राकडे – डॉ. पंजाबराव देशमुख आणि ‘महाराष्ट्र केसरी’

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• डॉ. पंजाबराव देशमुख यांची वकिली आणि त्यांचे वृत्तपत्र यांतील संबंध सांगता येईल.
• ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या सर्वनामांतील भेद वृत्तपत्रीय भाषेच्या संदर्भात स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ सुरू केले आणि मराठी वृत्तपत्राला शेतकरी व कष्टकरी वाचकाची ओळख झाली. त्यानंतर पन्नास वर्षांनी वऱ्हाडात एका बॅरिस्टराने याच वाचकासाठी वृत्तपत्र चालविले. कोर्टात बोलण्याची तयारी केलेल्या माणसाला वृत्तपत्राची गरज का वाटली, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

४.३ विषय-विवेचन

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे शेतकरी कुटुंबात झाला. १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले. एडिंबरो येथे एम. ए., ऑक्सफर्ड येथे वैदिक वाङ्मयातील धर्मविचारावर डॉक्टरेट आणि बॅरिस्टरची पदवी मिळवून ते १९२६ मध्ये परतले व अमरावतीत वकिली करू लागले. १९२७ मध्ये त्यांनी शेतकरी संघ स्थापन केला आणि संघाच्या प्रचारासाठी ‘महाराष्ट्र केसरी’ हे वृत्तपत्र चालविले.

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. पेरणीसाठी कर्ज आणि पीक आल्यावर परतफेड, या चक्रात भाव पडला की शेत सावकाराकडे जाई. शेतकऱ्याचा कोर्टाशी संबंध येई तो गहाणखत, डिक्री, जप्ती, लिलाव अशा शब्दांतून. कागदावर अंगठा त्याचा असे. मजकूर मात्र त्याला परका असे. वकील एका अशिलाची बाजू मांडतो, तीही दावा दाखल झाल्यावर. अंगठा उठविण्यापूर्वीच अनेकांना सावध करायचे, तर कोर्टाबाहेरचे साधन हवे. वृत्तपत्र हे असे साधन होते. वाचता येणाऱ्या एकाने पारावर मोठ्याने वाचले, की न वाचणाऱ्यांपर्यंतही ते पोहोचू शकते.

येथे भाषेचा मुद्दा लक्षात घ्यावा. ‘आम्ही’ या सर्वनामात ऐकणारा वगळलेला असतो. ‘आपण’ या सर्वनामात तो सामावलेला असतो. “आम्ही शेतकरी” असे न्यायाधीशाला सांगता येते. “आपण शेतकरी” असे शेतकऱ्यालाच म्हणता येते. वकिलीची भाषा पहिल्या प्रकारची, तर समाजासाठी चालविलेल्या वृत्तपत्राची भाषा दुसऱ्या प्रकारची असावी लागते. धारणी परिसरातील कोरकू भाषक विद्यार्थ्यांना हा भेद नवा नाही. मुंडा गटातील कोरकू भाषेतही ऐकणाऱ्याला सामावणारे आणि वगळणारे ‘आम्ही’ वेगवेगळे आहे. इंग्रजीत मात्र दोहोंसाठी एकच शब्द आहे.

परंतु ‘आपण’ म्हटले, की त्यात कोण कोण येतो हेही ठरवावे लागते. केवळ जमीनधारक, की मजूरही? केवळ सवर्ण, की अस्पृश्य मानलेले बांधवही? १९२७ मध्येच अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ झाली आणि पंजाबराव तिच्या अग्रभागी होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बॅरिस्टर असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले होते. दोघा कायदेपंडितांना एकाच वर्षी वृत्तपत्र आवश्यक वाटले, ही बाब बोलकी आहे. कायदा हक्क देऊ शकतो. हक्क आपला आहे ही जाणीव देण्यासाठी समाजाशी सतत संवाद लागतो.

हा संवाद वाढायचा, तर वाचकही वाढले पाहिजेत. १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर पंजाबरावांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पुरस्कार केला आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रीय कृषिमंत्री होते.

४.४ सारांश

पंजाबरावांनी वृत्तपत्र चालविले, तेव्हा कायद्याचे ज्ञान टाकून दिले नाही. ते वाटून घेण्याचा मार्ग शोधला. त्यासाठी श्रोता बदलावा लागला, आणि श्रोता बदलला की भाषाही बदलते.

४.५ स्वाध्याय

१. वकिलाची भाषा आणि समाजासाठी चालविलेल्या वृत्तपत्राची भाषा यांतील फरक सोदाहरण लिहा.
२. आपल्या ग्रामपंचायतीच्या फलकावरील एखादी सूचना उतरवून घ्या. न समजणाऱ्या शब्दांची यादी करा आणि तीच सूचना आपल्या शेजाऱ्याला वाचून दाखविता येईल अशा मराठीत पुन्हा लिहा. घरी कोरकू बोलली जात असल्यास कोरकूतही सांगून पाहा. कोणते शब्द अडतात, ते नोंदवा.