जुन्या सायकली आणि उंच खिंड

घंटी सोडून सगळे वाजते अशी सायकल तुम्ही पाहिली असेल. कदाचित तुमच्या घरीही असेल. तिच्यावरून बाजाराला जाणे वेगळे. पण तीच गाडी घेऊन कळसूबाईच्या दुपटीहून उंच डोंगर कोणी ओलांडील काय? अमेरिकेतल्या काही जणांनी ओलांडला. त्यांचीच ही हकीकत.

अमेरिकेत कोलोरॅडो नावाचे राज्य आहे. तिथल्या रॉकी पर्वतात क्रेस्टेड ब्यूट हे लहानसे गाव आहे. पूर्वी तिथे कोळशाच्या खाणी होत्या. मोठी खाण १९५२ साली बंद पडली. पुष्कळ लोक गाव सोडून गेले. पुढे नवी तरुण मंडळी येऊन राहिली. रस्ते खडबडीत, म्हणून ही मंडळी जाड टायरच्या जुन्या सायकली वापरीत. गाडी भक्कम, पण जड. वीस किलोच्या आसपास वजन, आणि गिअर एकच.

डोंगरापलीकडे ॲस्पेन हे पैसेवाल्यांचे गाव. मध्ये पर्ल नावाची खिंड. तिची उंची १२,७०५ फूट. आपली कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. १९७६ साली ॲस्पेनचे काही लोक मोटारसायकलींवरून ही खिंड उतरून आले आणि गुत्त्यापुढे गाड्या लावून मिरवू लागले. क्रेस्टेड ब्यूटच्या पोरांना ते झोंबले. इंजिनावर कोणीही येईल, आपण पायांच्या जोरावर जाऊन दाखवू, असे त्यांच्या मनाने घेतले. सप्टेंबर महिन्यात पंधराएक जण निघाले. अंतर सुमारे चाळीस मैल. जड सामान मोटारीत टाकले. रात्री वाटेत मुक्काम केला.

सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस असतो. तिकडे तेव्हा पानगळीचे दिवस सुरू होतात. ॲस्पेन हे एका झाडाचेही नाव आहे. त्यावरूनच त्या गावाचे नाव पडले. पिंपळाचे पान कसे वारा नसला तरी सळसळते, तसेच ह्या झाडाचे. पानाचा देठ चपटा असतो, म्हणून जरा झुळूक आली की पान थरथरते. थंडी पडू लागली की पानातला हिरवा रंग जातो आणि आतला पिवळा उघडा पडतो. मग डोंगरच्या डोंगर हळदीने माखल्यासारखे दिसतात. अशा झाडीतून, वाटेतले ओढे ओलांडीत ही मंडळी वर चढत होती.

पण शोभा पाहायला दम पाहिजे ना! उंचावर हवा विरळ असते. त्या खिंडीत एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, तो समुद्रकाठच्या मानाने दोन-तृतीयांशापेक्षाही थोडा कमी. चार पावले टाकली की छाती भरून येते. त्यात वाट दगडधोंड्यांची. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी चांदीच्या खाणींसाठी ती काढलेली. एका गिअरची गाडी अशा चढावर चालेना. खाली उतरून ढकलणे आलेच.

चढ संपला म्हणजे सुटलो, असे तुम्ही म्हणाल. छे! खरी भीती उतारावर. ह्या जुन्या गाड्यांना हाताचा ब्रेक नसे. पायडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या पोटात ब्रेक लागे. लांब उतारावर तो सारखा दाबून धरला तर तापतो, आतले वंगण जळते आणि धूर निघतो. कॅलिफोर्नियात सायकलवाल्यांचा असाच एक आवडता उतार होता. तिथून एकदा उतरले की ब्रेक उघडून नवे वंगण भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे पडले. तिथे १९७६ च्या ऑक्टोबरात शर्यतीही सुरू झाल्या.

पहिली तुकडी ॲस्पेनला पोचली. गावाची लाज राखली. पुढच्या वर्षी मात्र कोणी गेले नाही. अशा गोष्टी एका वेळेच्या हौसेवर होतात आणि विसरतात. हीही विसरली असती. पण कॅलिफोर्नियाच्या मंडळींच्या कानांवर ती गेली, आणि १९७८ साली पाच जण गाड्या घेऊन क्रेस्टेड ब्यूटला हजर झाले. जो ब्रीझ, चार्ली केली, गॅरी फिशर, मायकेल कॅस्टेली आणि वेंडी क्रॅग. वेंडी क्रॅग ही बाई. पाहुणेच दारात आल्यावर गावकरी नाही कसे म्हणणार? पुन्हा वारी निघाली.

पाहुण्यांच्या गाड्या पाहून गावकरी चकित झाले. त्यांना पुष्कळ गिअर होते आणि ब्रेक दोन्ही चाकांना. जो ब्रीझने तर डोंगरासाठी म्हणून नवा सांगाडाच १९७७ पासून घडवायला घेतला होता. गिअरचे काम सोपे आहे. चेन पुढच्या लहान आणि मागच्या मोठ्या चक्रावर चढवली की पायडल हलके होते. पाय जास्त वेळा फिरवावे लागतात, गाडी हळू जाते, पण चढ चढते. गिअरची गाडी मिळाली तर स्टँडवर उभी करून पायडल फिरवून पाहा, ध्यानात येईल.

तरी अगदी उभ्या चढावर गिअरवालेही उतरून चालू लागले, हे सांगितलेच पाहिजे. खिंडीपलीकडे वाट उतरते ती ॲशक्रॉफ्ट ह्या ओसाड गावापाशी. चांदी संपली तसे ते गाव उठून गेले. तिथून ॲस्पेनपर्यंत डांबरी सडक, सगळा उतार.

पुढच्याच वर्षी, १९७९ साली, केली आणि फिशर ह्यांनी अशा गाड्या विकण्याचा धंदा काढला. धंद्याला नाव दिले ‘माउंटनबाइक्स’, म्हणजे डोंगरी सायकली. १९९६ साली ऑलिंपिकमध्ये ह्या सायकलींची शर्यत झाली. तोवर भंगारातल्या त्या एका गिअरच्या गाड्या कोण चालवतो!