दुखणे थांबविणारी गोळी आणि अचानक येणारा झटका



रोवणीच्या दिवसांत आपल्या वारासिवनी परिसरात कंबरदुखीची गोळी नाही असे घर क्वचितच सापडेल. दिवसभर बांधीत वाकून रोप लावल्यावर पाठ धरते. शेजारीण आपल्या डब्यातली गोळी काढून देते, रात्री झोप लागते, आणि दुसऱ्या दिवशी तीच गोळी पुन्हा मागविली जाते. या आपुलकीत दोष नाही. पण त्या पाकिटावर काय लिहिले आहे, हे कोणी वाचत नाही. या अंकाचा आरोग्य-पाठ आम्ही त्यासाठीच लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमचा एक माजी विद्यार्थी दूरच्या शहरात कामाला होता. दिवाळीला घरी आला आणि अंगणात बोलता बोलता खाली कोसळला. डोळे फिरले, हातपाय आखडले, तोंडाला फेस आला. कोणी जोडा हुंगविला, कोणी मुठीत लोखंडी किल्ली कोंबली, कोणी म्हणाले, "मिरगी आहे, झाडफूक करा." रात्री दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "काही गोळ्या घेतोस का?" वडील बाजूलाच उभे होते. मुलगा "नाही" म्हणाला. पहाटे त्याच्या धाकट्या बहिणीने बॅगेच्या कप्प्यातून रिकामी पाकिटे काढली आणि डॉक्टरांच्या हातावर ठेवली. ती तेव्हा आपल्याच शाळेत नववीत होती. कामावर लांब पाळी करता यावी म्हणून तो वेदनाशामक गोळ्या घेत होता. आधी एक, मग दोन, मग मोजदाद राहिली नाही. पाकिटे पाहिल्यावर उपचाराची दिशा बदलली. आज तो बरा आहे.

ही गोळी कोणती?

साध्या तापाची पॅरासिटामॉल वेगळी आणि ही वेगळी. अफूच्या बोंडातून निघणाऱ्या मॉर्फिनसारखे काम करणाऱ्या औषधांना ओपिऑइड म्हणतात. ट्रॅमाडॉल आणि टॅपेंटाडॉल ही त्यांपैकीच, कारखान्यात तयार होणारी औषधे. शस्त्रक्रियेनंतर, मोठ्या दुखापतीत किंवा कर्करोगाच्या वेदनेत डॉक्टर ती देतात आणि तेथे त्यांचा मोठा उपयोग होतो. औषध वाईट नाही. चिठ्ठीशिवाय, मापाबाहेर आणि नशेसाठी किंवा थकवा मारण्यासाठी घेणे वाईट आहे. ट्रॅमाडॉल पुष्कळदा पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत असते, म्हणून घरच्यांना ती साधीच गोळी वाटते.

झटका का येतो?

आपल्या मेंदूतील पेशी एकमेकींना बारीक विद्युत संदेश देतात. बांधीला धुरा असतो तोवर पाणी आपल्या जागी राहते. धुरा फुटला की ते सगळीकडे पसरते. मेंदूतही संदेशांना आवर घालणारी व्यवस्था आहे. ती ढिली पडली की असंख्य पेशी एकाच वेळी पेटतात आणि शरीर आखडून झटके देऊ लागते. यालाच आकडी किंवा फिट म्हणतात.

ट्रॅमाडॉल दोन प्रकारे काम करते. एक तर ते मॉर्फिनप्रमाणे वेदना दाबते. शिवाय ते मेंदूतील सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायने वाढविते. त्यामुळे इतर अनेक वेदनाशामकांपेक्षा त्याने आकडी येण्याचा धोका अधिक असतो. मात्रा वाढेल तसा धोका वाढतो. प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा सांगितली जाते, पण काहींना त्याच्या आतही आकडी आलेली आहे. म्हणून "मी तर थोड्याच घेतो" हे समाधान खोटे आहे. जास्त मात्रेनंतर आकडी बहुधा पहिल्या चोवीस तासांतच येते, मग ती विहिरीच्या काठावर येवो, चुलीजवळ येवो की मोटरसायकलवर.

धोका कोणाला अधिक? ज्यांना आधीपासून मिरगी आहे, डोक्याला मार लागलेला आहे, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार आहे, जे दारू पितात, किंवा ज्यांना नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर श्वासही मंद होऊन थांबू शकतो. अशा वेळी दवाखान्यात नॅलोक्सोन नावाचे औषध देऊन श्वास परत आणता येतो, पण त्या औषधाने ट्रॅमाडॉलची आकडी थांबत नाही. तिचा उपचार वेगळा असतो. म्हणूनच डॉक्टरांना खरे नाव कळणे आवश्यक आहे.

लहान मुलांविषयीही सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २०१७ साली बारा वर्षांखालील मुलांना ट्रॅमाडॉल देऊ नये, अशी सक्त सूचना दिली. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देणे हा उपचार नव्हे.

कायदा काय म्हणतो?

२०१४ च्या मार्चपासून ट्रॅमाडॉल 'एच-१' या अनुसूचीत आहे. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि दुकानदाराने विक्रीची नोंद वेगळ्या वहीत तीन वर्षे जपायची. अशा औषधांच्या पाकिटावर लाल चौकटीत सूचना असते. पुढे एप्रिल २०१८ मध्ये केंद्र शासनाने ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणले.

हा प्रश्न दूरचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या एव्हियो फार्मास्युटिकल्स या कंपनीविषयी बीबीसीने शोधवृत्त दिले. टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या गोळ्या घाना, नायजेरिया या देशांत जात होत्या आणि तेथील तरुण त्यांची नशा करीत होते. या मिश्रणाने श्वास अडू शकतो आणि झटकेही येऊ शकतात. त्यानंतर केंद्राच्या व महाराष्ट्राच्या औषध अधिकाऱ्यांनी तपासणी करून उत्पादन थांबविले आणि या मिश्रणाच्या निर्यातीचे परवाने केंद्राने रद्द केले. कायदा जागा झाला, पण तोवर किती घरांचे नुकसान झाले असेल याचा विचार करावा.

आकडी आली तर

१. रुग्णाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा.
२. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. जोडा, कांदा, किल्ली यांचा उपयोग नाही.
३. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, पुन्हा आले, शुद्ध आली नाही किंवा श्वास अडला तर १०८ ला फोन करा. पहिलीच आकडी असेल किंवा गोळ्यांची शंका असेल तर थांबूनही दवाखान्यात न्याच.
४. रिकामी पाकिटे, बाटल्या सोबत न्या.

सवय लागलेली असेल तर घरच्यांनी रागाने गोळ्या फेकून एका दिवसात बंद करू नये. अचानक बंद केल्याने तब्येत बिघडते, आणि झोपेच्या गोळ्याही चालू असतील तर त्या एकदम थांबविल्यानेच आकडी येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू कमी करतात. शासनाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मनाच्या आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ आहे.

शेवटी एक विनंती

त्या रात्री मुलाने खोटे का सांगितले? गोळीमुळे नव्हे, भीतीमुळे. वडील काय म्हणतील, समाज काय म्हणेल. आपली मराठी वस्ती येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. हे आपले बळ आहे, पण अशा वेळी तेच ओझे होते. पालकांनी डॉक्टरांसमोर मुलाला थोडा वेळ एकटे बोलू द्यावे, एवढे तरी करावे.

शाळेपुरते आम्ही येथे लिहून देतो की, जो विद्यार्थी स्वतःविषयी किंवा मित्राविषयी खरे सांगायला येईल, त्याला शाळेतून काढले जाणार नाही आणि त्याचे नाव सूचनाफलकावर येणार नाही. आधी उपचार, मग बाकीचे. विश्वस्त मंडळाने हा नियम लेखी मंजूर करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

स्वाध्याय

१. घरातील औषधांचा डबा पालकांसोबत उघडा. लाल चौकट असलेली पाकिटे वेगळी काढा. ती कोणासाठी, कोणत्या डॉक्टरांनी लिहिली, ते विचारा.
२. आकडी आलेल्या माणसासाठी करावयाच्या व न करावयाच्या तीन-तीन गोष्टी लिहा.
३. नववीतल्या त्या बहिणीने पाकिटे लपवून ठेवली असती तर काय झाले असते? दहा ओळींत लिहा.