सशांच्या तळपायांचे व्रण

हौसेने ससा पाळणाऱ्याचे सारे लक्ष त्याच्या चाऱ्याकडे आणि कुत्र्या-मांजरांपासून रक्षणाकडे असते. त्याच्या पायाखाली काय आहे, हे सहसा कोणी पाहत नाही. अंगणात किंवा परसात पिंजऱ्यात ठेवलेल्या सशाला जडणारी एक अत्यंत वेदनादायक व्याधी मात्र नेमकी तेथूनच सुरू होते.

सशाच्या पायाला कुत्र्या-मांजराप्रमाणे गादी नसते. तळव्यावरील दाट केस हेच त्याचे जोडे होत. ससा बसला असता त्याच्या शरीराचा बराच भार मागील पायांच्या टाचेवर येतो. मऊ जमिनीवर नखे मातीत रुततात व हा भार विभागला जातो. तारेच्या जाळीवर किंवा फरशीवर तो एकाच जागी सतत पडत राहतो. तेथील केस झिजतात व कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो. त्यात लघवीची ओल असली म्हणजे कातडी नरम होऊन फाटते आणि जंतू आत शिरतात. व्रण हाडापर्यंत पोहोचल्यास ससा वाचविणे कठीण जाते. वजनदार, वाढलेल्या नखांचे व तळव्यावर विरळ केस असलेले ससे यास लवकर बळी पडतात. रेक्स जातीचे ससे याबाबतीत विशेष नाजूक असतात.

ससा दुखणे लपवितो. म्हणून आठवड्यातून एकदा त्याला मांडीवर घेऊन तळवे पाहावेत. उचलताना कान धरू नयेत. एक हात छातीखाली व दुसरा पुठ्ठ्याखाली द्यावा, कारण आधाराविना मागचे पाय झाडल्यास त्याचा कणा मोडू शकतो. केसांखाली झाकलेला लहानसा कोरडा घट्टा असल्यास चिंता नाही. उघडा पडलेला लाल चट्टा ही पहिली सूचना समजावी. खपली, सूज, पू, तसेच सारखा पाय बदलून बसणे व चारा कमी खाणे ही पुढची लक्षणे होत.

नुसत्या मलमाने हा विकार हटत नाही. तळ बदलावाच लागतो. जाळीच्या पिंजऱ्यात ससा ऐसपैस पसरू शकेल एवढी गुळगुळीत लाकडी फळी ठेवावी. ससा बहुधा एकाच कोपऱ्यात लघवी करतो. तो कोपरा मोकळा सोडून फळी दुसऱ्या बाजूस ठेवावी. फळ्या दोन असाव्यात, म्हणजे एक धुऊन उन्हात वाळत असता दुसरी वापरता येते. फळीवर कोरड्या गवताचा जाड थर द्यावा व ओला भाग रोज काढावा. पुष्कळ ठिकाणी गोणपाट अंथरतात, ते बरे नव्हे. गोणपाट लघवी शोषून ओलेच राहते व ससा त्याचे धागे कुरतडून गिळतो. पावसाळ्यात तिरपी सर आत येणार नाही अशी आडोशाची व्यवस्था हवी.

कातडी फाटलेली नसेल तर एवढ्या बदलाने पुष्कळदा आराम पडतो. जखम असल्यास ती कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन अलगद कोरडी करावी. खपली ओढू नये, तळव्याचे केस कापू नयेत, घट्ट पट्टी बांधू नये. माशा बसून अळ्या पडू नयेत म्हणून पिंजरा स्वच्छ ठेवावा. पू किंवा सूज दिसताच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

येथे एक गोष्ट ग्रामसेवकांनी प्रत्येक सशाच्या मालकास बजावून सांगितली पाहिजे. घरात उरलेल्या पेनिसिलीन, अँपिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीनच्या गोळ्या सशाला तोंडाने कदापि देऊ नयेत. त्यांमुळे त्याच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मरतात, हगवण लागते व पायाच्या जखमेने न मेलेला ससा औषधाने मरतो.

नखे आतील रक्तवाहिनी टाळून वेळोवेळी कापावीत. लठ्ठ सशाचे धान्य कमी करून वाळके गवत वाढवावे, परंतु त्याला उपाशी ठेवू नये. चांगली फळी देऊनही ज्याचे तळवे वारंवार उघडे पडतात, अशा सशापासून पैदास घेऊ नये; विरळ केसांचा दोष पिलांत उतरतो.